संत व्हिन्सेंट द पॉल आणि सेवेची शिस्त



कामगार चळवळीत केस पिकविलेल्या माणसाने एका ख्रिस्ती संतावर बोलावे, ह्याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात पुष्कळ झाले. वाचन जे काही घडले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातून, आणि तेही पाळी सुटल्यानंतर. त्या कपाटात संतचरित्र एकही नव्हते. उलट, 'दानधर्म' हा शब्द आमच्या बैठकींत थोडा नाक मुरडूनच उच्चारला जाई. मजुराला हक्क पाहिजे, भीक नको, हे आम्ही शेकडो गेट-मीटिंगांत सांगितले आहे व आजही सांगतो. मग हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगणे प्राप्त आहे.

सन २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली. आमच्या भागातले कारखाने बंद पडले आणि एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहाजण राहणारे कंत्राटी कामगार जागच्या जागी अडकले. युनियनने धान्यवाटप सुरू केले. पहिल्या आठवड्यात उत्साहाला पारावार नव्हता. आमची गाडी जाई, मंडळांच्या गाड्या जात, व्यापाऱ्यांच्याही जात. परंतु सगळ्या गाड्या हमरस्त्याला लागून असलेल्या वस्तीतच थांबत. नाल्यापलीकडच्या खोल्यांत एकही पोचत नसे. हमरस्त्याकडे काही घरांत पीठ साठून त्यात पोरकिडे झाले, आणि नाल्यापलीकडे चूल पेटेना. शिवाय आम्ही लोकांना रांगेत उभे करून फोटो काढीत होतो. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने फोटोच्या वेळी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. ते आम्ही पाहिले, आणि पाहूनही फोटो काढू दिला.

दुसऱ्या आठवड्यात जवळच्या चर्चमधल्या सेवामंडळाचे एक वयस्क गृहस्थ आमच्या कचेरीत आले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक लांबोडकी वही. त्यांनी तांदूळ मागितले नाहीत, पैसे मागितले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, तुमची यादी दाखवता का? आमच्या यादीशी ताडून घेऊ." आमच्याकडे यादी नव्हती! वर्गणीच्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवणाऱ्या संघटनेकडे उपाशी माणसांची यादी नव्हती. त्या गृहस्थांनी आमच्या पोरांना बरोबर घेऊन दोन दिवसांत खोलीवार नोंद केली. निघताना आम्ही त्यांना विचारले, "हे कुठे शिकलात?" ते हसून म्हणाले, "आमच्याकडे १६१७ पासून असेच चालते."

त्या सालाचा शोध घेत आम्ही ज्या माणसापाशी पोचलो, तो म्हणजे संत व्हिन्सेंट द पॉल.

व्हिन्सेंटचा जन्म १५८१ च्या सुमारास फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यात, दाक्स शहराजवळच्या पुय नावाच्या खेड्यात, एका लहान शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणी त्याने डुकरे आणि मेंढरे राखली. पोरगा हुशार दिसला म्हणून बापाने त्याला दाक्सला शिकायला ठेवले. पुढे म्हातारपणी व्हिन्सेंटने स्वतःच्या तोंडाने एक आठवण सांगितली आहे. त्याचा बाप लंगडत चाले आणि अंगावर शेतकऱ्याचे जाडेभरडे कपडे असत. असा बाप शहरात सोबत असला की ह्या विद्यार्थ्याला त्याची लाज वाटे. हे पाप तो जन्मभर विसरला नाही. शिकून वर आलेल्या गरिबाच्या पोराला ही लाज काय असते ते ठाऊक असते. आम्हांलाही ती ठाऊक आहे.

सन १६०० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीच तो धर्मगुरू झाला. पण कोणी असे समजू नये की तेव्हापासूनच तो संत होता. त्याला पाहिजे होती एक बऱ्या उत्पन्नाची जागा. १६१० साली पॅरिसहून त्याने आईला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात लवकरच चांगली नेमणूक मिळावी आणि उरलेले आयुष्य तुझ्याजवळ काढता यावे, अशी आशा त्याने व्यक्त केली आहे. कुठल्याही नोकरदार मुलाने घरी लिहावे तसेच हे पत्र आहे. पुढे १६१३ मध्ये गोंदी नावाच्या बड्या सरदार घराण्यात तो मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. ह्या घराण्याच्या जमिनींवर हजारो कुळे राबत होती, आणि घराण्याचा प्रमुख राजाच्या वल्ह्यांच्या युद्धनौकांचा सेनापती होता. म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा आता सत्तेच्या ओटीवर बसला होता.

त्याच्या आयुष्याला वळण लागले ते १६१७ साली. त्या वर्षी जानेवारीत गोंदींच्या मुलखात एका मरणासन्न शेतकऱ्याने त्याच्यापाशी आपले मन मोकळे केले. गावात मान असलेल्या त्या माणसाने कित्येक वर्षे उरात ओझे बाळगले होते. खेड्यांतली माणसे किती सोडून दिलेली आहेत, हे व्हिन्सेंटला तेव्हा उमगले. काही महिन्यांनी तो गोंदींचा वाडा सोडून शातियों नावाच्या लहान गावात धर्मगुरू म्हणून गेला.

ऑगस्टचा एक रविवार होता. प्रार्थनेची तयारी चालू असताना एका बाईने येऊन त्याला सांगितले की, गावाबाहेरच्या एका एकाकी घरात सगळेच्या सगळे आजारी पडले आहेत, आणि पाणी द्यायलाही कोणी उरलेले नाही. व्हिन्सेंटने प्रवचनात त्या घराचा विषय काढला. दुपारी तो स्वतः तिकडे निघाला, तेव्हा त्याला वाटेत बायकांच्या झुंडी भेटल्या. कोणी जात होत्या, कोणी परतत होत्या, उन्हामुळे कोणी झाडाखाली टेकल्या होत्या. साऱ्या गावाने त्या घरी अन्न नेले होते. सामान्य प्रवचनकार असता तर आपल्या वाणीचा हा प्रभाव पाहून कृतार्थ झाला असता. व्हिन्सेंटच्या मनात वेगळाच विचार आला. आज ह्या घरात इतके अन्न आले आहे की त्यातले निम्मे नासून जाईल, आणि परवापासून हे लोक पुन्हा उपाशीच राहतील. दया उदंड आहे, पण तिला व्यवस्था नाही.

श्रोतेहो, हे वाचले तेव्हा आम्हांला हमरस्त्याकडचे ते पोरकिड्यांचे पीठ आठवले. चारशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या एका खेड्यात तीच चूक घडली होती. फरक एवढाच की तेथल्या माणसाला ती त्याच दिवशी दिसली.

तीन दिवसांत त्याने गावातल्या बायकांची बैठक घेतली, आणि वर्ष संपण्यापूर्वी मंडळाची लेखी नियमावली तयार झाली. ती युनियनच्या कार्यकर्त्याने बारकाईने वाचावी अशी आहे. तिच्यात एक प्रमुख आहे, खजिनदार आहे, हिशेब ठेवणारा आहे, आणि हिशेब तपासून घेण्याची तरतूद आहे. प्रत्येक बाईची पाळी ठरलेली आहे. एकीचा दिवस संपला की दुसरीचा सुरू. रोग्याला पाव किती, मांस किती, सूप केव्हा, हेसुद्धा लिहिलेले आहे. आपल्या गेट-मीटिंगा ज्याच्यावाचून वाऱ्यावर जातात, ती गोष्ट म्हणजे ठरलेल्या माणसाने ठरलेल्या दिवशी ठरलेले काम करणे. नियमावलीत तीच आहे.

परंतु तिच्यात आणखी एक कलम आहे. त्यापुढे आमची मान खाली गेली. रोग्याच्या घरी गेल्यावर त्याला हसतमुखाने नमस्कार करावा, पलंगावर ताट ठेवण्याची सोय करावी, त्यावर स्वच्छ कापड घालावे, वाटी-चमचा मांडावा, रोग्याचे हात धुवावेत, मग अन्न वाढावे, आणि स्वतःच्या मुलाला भरवावे तशा मायेने त्याला दोन घास जास्त खाण्याचा आग्रह करावा. फेरी कोठून सुरू करावी हेही सांगितले आहे. ज्याच्याजवळ घरचे कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे, आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल. हिशेबाच्या वहीत माया इतक्या नेमकेपणाने लिहिता येते, हे आम्हांला माहीत नव्हते. यादी करणारे रुक्ष असतात आणि प्रेमळ माणसे अव्यवस्थित असतात, अशी आमची समजूत होती. ती शातियोंच्या नियमावलीने मोडली.

पुढल्या चाळीस वर्षांत ह्या बीजाचा जो वृक्ष झाला, त्याचा सगळा विस्तार येथे सांगता येणार नाही. १६१९ मध्ये व्हिन्सेंटची युद्धनौकांवरील कैद्यांचा प्रमुख धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. हे कैदी वल्ह्यांना साखळदंडांनी जखडलेले असत. एका कैद्याच्या पायातील बेडी त्याने आपल्या पायात घालून घेतली, अशी दंतकथा आहे. इतिहासकार ती खरी मानीत नाहीत, आणि तिची गरजही नाही. त्या कैद्यांची राहण्याची जागा सुधारावी, आजारी पडल्यास त्यांना औषध मिळावे, ह्यासाठी तो वर्षानुवर्षे झगडला, हे खरे आहे व ते अधिक अवघड आहे. एकदा बेडी घालून घेणे सोपे. रोज अर्ज लिहिणे कठीण!

१६२५ मध्ये त्याने खेड्यांत काम करणाऱ्या धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. ह्या धर्मगुरूंना तो बजावून सांगे की, आपण जे खातो ते गरिबांच्या घामाचे आहे. आपण प्रार्थनागृहाच्या सावलीत बसलेले असताना तो गरीब उन्हात नांगर धरतो आहे. त्याची आणखी एक शिकवण प्रसिद्ध आहे. देवावर प्रेम करायचे ते आपल्या बाहूंच्या बळाने आणि कपाळाच्या घामाने करावे, हा तिचा आशय. नुसत्या गोड भावनांच्या भक्तीकडे तो संशयाने पाही. श्रद्धा आहे की नाही हे त्याने डोळ्यांतल्या पाण्यावरून ओळखले नाही, हातांवरच्या घट्ट्यांवरून ओळखले.

आता ज्या स्त्रीविषयी सांगणार आहोत, ती आम्हांला ह्या सर्व इतिहासात सर्वांत जवळची वाटते. तिचे नाव मार्गरीत नासो. पॅरिसजवळच्या सुरेन गावची ती गुराखीण. शाळा नाही, शिक्षक नाही. तिने एक अक्षरओळखीचे पुस्तक विकत घेतले आणि गुरे राखता राखता ती वाचू लागली. अक्षर अडले की वाटेने जाणाऱ्यांपैकी शिकलेला दिसेल त्याला थांबवून ती विचारी, ह्याचा उच्चार काय? असे करून ती वाचायला शिकली, आणि लगेच गावोगाव जाऊन दुसऱ्या मुलींना शिकवू लागली. युनियनच्या कपाटाशी अडखळत वाचायला शिकलेल्या आमच्यासारख्याला ही बाई सख्ख्या बहिणीसारखी वाटली तर नवल काय?

पॅरिसमध्ये व्हिन्सेंटने सधन घरांतल्या स्त्रियांची सेवामंडळे काढली होती. त्यांपैकी कित्येकींना रोग्याच्या घरी स्वतः भांडे घेऊन जाण्याचा संकोच वाटे. त्या मोलकरणींना पाठवीत. ही अडचण मार्गरीतने सोडविली. ती १६३० मध्ये पॅरिसला आली आणि म्हणाली, हे काम मी करते. तिच्यामागून आणखी खेडवळ मुली आल्या. १६३३ च्या आरंभी प्लेग झालेल्या एका मुलीला तिने आपल्या बिछान्यात जागा दिली, आणि त्याच रोगाने ती गेली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लुईझ द मारियाक ह्या विधवेच्या घरी ह्या मुलींचा संघ सुरू झाला. 'सेवेच्या कन्या' असे त्याचे नाव. संघाची उभारणी, मुलींचे शिक्षण आणि कारभार हे सर्व लुईझबाईंचे कर्तृत्व होते. परंतु संघाची पहिली कन्या मार्गरीतच, असे व्हिन्सेंट नेहमी सांगत असे.

ह्या संघाच्या घटनेत एक मोठे चातुर्य आहे. त्या काळी धर्माला वाहून घेतलेल्या स्त्रीने मठाच्या भिंतीआडच राहावे, असा दंडक होता. भिंतीआड राहून रोग्यांच्या घरी कसे जाणार? व्हिन्सेंटने ह्या मुलींना जोगिणी म्हणविलेच नाही. त्यांचा वेष साध्या खेडवळ मुलीचा आणि त्यांची शपथ फक्त एका वर्षापुरती. रोग्याचे घर हाच त्यांचा मठ आणि शहरातले रस्ते हेच त्यांचे आवार, अशी त्याची कल्पना होती. नियमाच्या फटीतून गरिबाला आत आणण्याची ही युक्ती पाहून आमच्यातला जुना कार्यकर्ता मनोमन टाळ्या वाजवितो.

मग युद्धे आली. तीस वर्षांच्या युद्धात लोरेन प्रांत उद्ध्वस्त झाला. १६३९ पासून पॅरिसहून मदत पाठविण्यास आरंभ झाला. पैसे पोचविण्याचे काम मात्यू रेन्यार नावाच्या एका साध्या सेवकाकडे होते. तो फाटके कपडे घालून, कळकट झोळीत सोन्याची नाणी लपवून, लुटारू सैनिकांच्या मधून पन्नासहून अधिक खेपा करून आला, आणि एकदाही लुटला गेला नाही. पुढे पिकार्डी व शांपान्य ह्या प्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हा तेथून आलेल्या वृत्तांतांची पत्रके छापून पॅरिसमध्ये वाटली गेली आणि त्यांतून निधी उभा राहिला. पत्रके छापून निधी जमवायचा, आणि तो पोचवायला खात्रीचा माणूस ठेवायचा. संपकाळात ज्यांनी काम केले आहे, त्यांना ह्यात काहीच अपरिचित वाटणार नाही.

आता आम्ही आमच्या मूळ भांडणाकडे येतो. आपण विचाराल, हे सर्व ठीक. पण ह्या माणसाने गरिबी का आहे हे विचारले काय? राजाचे कर, सरदारांच्या जमिनी, मुख्य प्रधानाची युद्धे ह्यांविरुद्ध तो उभा राहिला काय? की जखमेवर पट्टी बांधीत राहिला आणि सुरी चालविणाऱ्या हाताला त्याने नमस्कार केला? आम्ही हा प्रश्न सोडून देणार नाही, कारण तो सोडला तर आमचे तीस वर्षांचे काम लटके ठरेल.

उत्तर सरळ नाही. राजसत्ता उलथावी असे व्हिन्सेंटच्या मनात कधीच आले नाही. तो राणीच्या धर्मविषयक मंडळात बसत होता, आणि त्याच्या कार्याला राजघराण्याचा पैसा मिळत होता. परंतु १६४९ च्या जानेवारीत यादवी भडकून पॅरिसला वेढा पडला, तेव्हा हा सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचा म्हातारा घोड्यावर बसून, पुराच्या पाण्यातून वाट काढीत राणीला जाऊन भेटला, आणि सांगितले की प्रधान माझारँ ह्यांना दूर करा, म्हणजे लोकांचे हाल थांबतील. राणीने ऐकले नाही. १६५२ मध्ये त्याने माझारँ ह्यांनाच पत्र लिहून पॅरिसमध्ये परत न येण्याचा सल्ला दिला. थोड्याच काळात त्या मंडळातली त्याची जागा गेली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १६५३ मध्ये एका अनाम दात्याच्या पैशातून त्याने चाळीस वृद्ध कारागिरांसाठी, वीस पुरुष व वीस स्त्रियांसाठी, एक निवास काढला. तेथे त्यांना नुसते जेवण दिले नाही. माग आणि हत्यारे आणून दिली, कारण कारागिराला काम नसणे हीसुद्धा एक उपासमारच असते. हे यश पाहून १६५६ मध्ये सरकारने पॅरिसमधल्या सर्व भिकाऱ्यांना एका अवाढव्य संस्थेत डांबण्याचा हुकूम काढला आणि भीक मागणे हा गुन्हा ठरविला. ह्या सक्तीविषयी व्हिन्सेंट साशंक होता, आणि त्याच्या संघाने तेथील धर्मगुरूंची कामगिरी स्वीकारली नाही. त्याने जाहीर विरोध केला असता तर आम्हांला अधिक आवडले असते. तो त्याने केला नाही, हेही सांगितले पाहिजे.

असे असूनही त्याच्या लिखाणात एक विचार सापडतो, आणि त्याने आमचे भांडण अर्धे मिटविले. एका पत्रात तो लिहितो की न्यायाने जे देणे लागते ते दयेच्या आधी दिले पाहिजे. आणि अन्यत्र म्हणतो त्याचा भावार्थ असा की, गरिबाच्या मदतीला धावताना आपण त्याच्यावर दया करीत नसून न्याय करीत आहोत, असे समजावे. एका शेतकऱ्याच्या मुलाने, राजदरबारात वावरून, सतराव्या शतकात हे म्हटले! आम्ही गेट-मीटिंगांत ओरडून सांगितले ते दुसरे काय होते?

व्हिन्सेंट २७ सप्टेंबर १६६० रोजी वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये लुईझबाई गेल्या होत्या. १७३७ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून घोषित केले. १८३३ मध्ये पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांना त्यांच्या विरोधकांनी टोमणा मारला : तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, पण आज तुम्ही काय करता? त्या विद्यार्थ्यांत फ्रेदरिक ओझानाम हा वीस वर्षांचा तरुण होता. ते वाद घालीत बसले नाहीत. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू ह्या 'सेवेच्या कन्ये'कडे गेले. तिने त्यांना गरजू कुटुंबांची नावे दिली, आणि घरी जाऊन भेटायचे कसे ते शिकविले. त्यातून संत व्हिन्सेंटच्या नावाचे सेवामंडळ उभे राहिले. मुंबईतल्या कित्येक चर्चांतून त्याच्या शाखा आजही काम करतात. आमच्या कचेरीत आलेले ते वयस्क गृहस्थ अशाच एका शाखेचे. त्यांच्या पिशवीतल्या वहीमागे ही एवढी परंपरा होती.

आम्ही काय शिकलो, ते सांगून आटोपते घेतो. हक्कासाठी लढणारा आणि भुकेल्याला वाढणारा ही दोन वेगळी माणसे असली पाहिजेत, असे आम्ही मानीत आलो. आता तसे मानीत नाही. लढा वर्षभर चालतो. पोट मात्र रोज संध्याकाळी विचारते. आणि ज्याच्या घरी आपण कधी बसलो नाही, त्याच्या हक्काची भाषा आपल्या तोंडी पोकळच वाजते.

टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही रांग बंद केली, फोटो बंद केले. पाळ्या लावल्या, आणि धान्य खोलीवर पोचवू लागलो. पदर ओढून घेणारी ती म्हातारी नाल्यापलीकडे एकटीच राहत होती. हमरस्त्यापर्यंत चालत येऊन ती रांगेत उभी राहिली होती. यादीत तिचे नाव आम्ही सर्वांत शेवटी घातले. पहिल्या दिवशी आमच्या कार्यकर्त्याने पिशवी ठेवली आणि तो दारातच उभा राहिला. तिने विचारले, "बाबा, फोटो काढायचा राहिला का?" तो नाही म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसला. मग तिने त्याला पाणी दिले.

ती वही आज आमच्या कचेरीत, पावतीपुस्तकांच्या शेजारी ठेवलेली आहे.